छेदातील करणी घालवणारे ॲप : दोन महिन्यांच्या वापरानंतर

छेदाचे परिमेयीकरण, म्हणजे अपूर्णांकाच्या छेदातील करणी (√२ सारखे पूर्ण न सुटणारे मूळ) घालवून तेथे साधी, परिमेय संख्या आणणे, हा बीजगणितातील लहानसा घटक आहे. पुस्तकात तो चार पानांत आटोपतो, पण त्यातील चुका पुढे वर्गसमीकरणांपासून त्रिकोणमितीपर्यंत विद्यार्थ्याचा पिच्छा पुरवतात. मी गणिताच्या शिकवण्या घेतो. माझ्याकडील दोन विद्यार्थ्यांनी या घटकाच्या सरावासाठी पायऱ्या दाखवणारे एक ॲप वापरायला सुरुवात केली, तेव्हा मीही ते फोनवर उतरवून घेतले आणि दोन महिने जवळजवळ रोज वापरले. ॲपचे नाव येथे मुद्दाम देत नाही. ज्या उदाहरणांवर मी ते तपासले, ती वाचकाला आपल्या फोनमधील कोणत्याही ॲपला घालून पाहता येतील, आणि त्यातून नावापेक्षा अधिक कळेल असे मला वाटते.

उत्तरे बरोबर येतात का, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. उदाहरण नीट वाचले गेले असेल तर संख्यांच्या बाबतीत या ॲपने मला एकदाही चुकीची किंमत दिली नाही. माझी तक्रार उत्तराबद्दल नसून वेळेबद्दल आहे. कोणती गोष्ट आधी सोपी करायची, कोणती शेवटी, आणि कोणती तशीच राहू द्यायची, हे या ॲपला उमगत नाही. आणि या घटकात शिकण्यासारखे जे आहे, ते बरेचसे याच निवडीत आहे.

अगदी साध्या उदाहरणात हे जाणवत नाही. ६/√३ दिले की ॲप अंश व छेद दोन्हींना √३ ने गुणते, ६√३/३ लिहिते आणि २√३ वर थांबते. यापेक्षा नेटके काही असू शकत नाही. पण १०/√७२ देऊन पाहावे. येथे जाणता माणूस प्रथम करणीच सोपी करील : ७२ म्हणजे ३६ × २, म्हणून √७२ म्हणजे ६√२, म्हणजे अपूर्णांक ५/(३√२) झाला, आणि आता फक्त √२ ने गुणले की ५√२/६ हे उत्तर हाती येते. ॲप मात्र डोळे मिटून √७२ नेच गुणते. मग १०√७२/७२, मग ६०√२/७२, मग १२ ने संक्षेप, आणि अखेर तेच ५√२/६. पायऱ्या बरोबर आहेत, पण ज्या मुलाला ६० आणि ७२ यांचा मसावि चटकन सुचत नाही, तो ३०√२/३६ वर अडकतो आणि तेच अंतिम उत्तर समजून पुढे जातो. माझ्या एका विद्यार्थिनीने हेच केले, आणि विचारल्यावर म्हणाली, ‘‘सर, ॲपवरच्यासारखंच केलं की.’’ तिचे म्हणणे खोटे नव्हते. ॲपच्या शेवटच्या आधीच्या पायरीपर्यंत ती बिनचूक पोहोचली होती.

‘असे का करायचे’ या नावाची एक खिडकी प्रत्येक उदाहरणाखाली उघडते. तिच्यात एवढेच लिहिलेले आहे की छेदात वर्गमूळ ठेवायचे नसते, असा नियम आहे. ही खिडकी नसती तरी चालले असते. नियमाला कारणे आहेत आणि ती मुलांना सहज समजतात. हाताने भागाकार करायच्या काळात १ ला १.४१४२१३५६ ने भागणे म्हणजे अर्ध्या पानाचे काम होते; १.४१४२१३५६ ला २ ने भागणे तोंडी होते. दोन्हींचे उत्तर ०.७०७१०६७८ च्या आसपासच येते, कारण १/√२ आणि √२/२ ही एकच संख्या आहे. गणकयंत्र आल्यावर हे कारण मागे पडले, पण दुसरे टिकून आहे. ३/√२ + ५√२ यांची बेरीज करायची असेल तर पहिले पद ३√२/२ असे लिहिल्याशिवाय ती सरूप (एकाच मुळाच्या) करणींची बेरीज आहे हे दिसतच नाही. तसे लिहिले की १३√२/२ हे उत्तर समोर येते. त्याचप्रमाणे एकाच्या वहीत १/(२ − √३) आणि दुसऱ्याच्या वहीत २ + √३ असे उत्तर असेल तर दोघेही बरोबर आहेत हे ओळखायला काहीतरी ठरलेले रूप लागते. परिमेयीकरण ही अशी एक ओळखपरेड आहे. ही कारणे त्या खिडकीत घातली असती तर ॲपची किंमत माझ्या लेखी दुपटीने वाढली असती.

आता या ॲपची जी गोष्ट मला मनापासून आवडली, तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. छेदात द्विपद करणी असेल तेव्हा ‘सराव’ या भागात ॲप लगेच उत्तर दाखवत नाही, तर कशाने गुणायचे ते विचारते. ४/(√७ − √३) या उदाहरणाला ते √७, √७ − √३ आणि √७ + √३ असे तीन पर्याय ठेवते. विद्यार्थ्याने चुकीचा पर्याय निवडला तरी लाल फुली मारून ते मोकळे होत नाही, तर त्याच पर्यायाने गुणून दाखवते. √७ − √३ निवडले तर छेदात (√७ − √३) चा वर्ग येतो, म्हणजे ७ + ३ − २√२१, म्हणजे १० − २√२१, आणि करणी छेदातच ठाण मांडून बसलेली दिसते; पूर्वी ती निदान ७ आणि ३ यांची होती, आता २१ ची झाली. √७ निवडले तर छेदात ७ − √२१ उरते. मग विद्यार्थी आपण होऊन √७ + √३ कडे वळतो. छेद ७ − ३ म्हणजे ४ होतो, वरच्या ४ शी तो कटतो आणि उत्तर नुसते √७ + √३ उरते. अनुबद्ध जोडीने, म्हणजे मधले चिन्ह उलटवलेल्या राशीने, का गुणायचे हे फळ्यावर दहा वेळा सांगूनही जे पोहोचत नाही, ते या एका चुकीच्या वाटेवरून फिरून आल्यावर पोहोचते, असा माझा दोन महिन्यांचा अनुभव आहे. ही सोय ज्याने कल्पिली त्याने कधीतरी नक्की वर्गावर शिकवले असावे.

दुसरी एक लहान पण मोलाची गोष्ट म्हणजे सहगुणकासह असलेल्या करणीचा वर्ग. १/(३ + २√२) मध्ये अनुबद्ध पदाने गुणल्यावर छेदात ९ मधून (२√२) चा वर्ग वजा करावा लागतो, आणि येथे निम्मी मुले ८ ऐवजी ४ लिहितात. बाहेरच्या २ चा वर्ग करतात आणि √२ चा विसरतात, किंवा उलट. ॲप येथे घाई करत नाही. २ चा वर्ग ४, √२ चा वर्ग २, गुणाकार ८, असे तीन वेगळ्या रंगांत दाखवते आणि मगच ९ − ८ = १ लिहिते. उत्तर ३ − २√२. याउलट (√५ + √२)/(√५ − √२) मध्ये अंशाचा विस्तार मात्र एका उडीत केलेला आहे, आणि (७ + २√१०)/३ मधील २√१० कोठून आले हे मला दोघांनाही वेगळे समजवावे लागले.

वेळेचा जो मुद्दा मी वर काढला, तो तीन पदांच्या छेदात पुरता उघडा पडतो. १/(१ + √२ + √३) हे उदाहरण घ्यावे. छेदाचे दोन गट कसे पाडायचे यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. (१ + √२) हा एक गट व √३ हा दुसरा, असे मानून १ + √२ − √३ ने गुणले, तर छेदात (१ + √२) च्या वर्गातून ३ वजा होतात. तो वर्ग ३ + २√२ आहे, म्हणून तीन आणि तीन उडून जातात व फक्त २√२ उरते. आणखी एकदा √२ ने गुणले की (२ + √२ − √६)/४. चार ओळींचे काम. ॲप मात्र नेहमी पहिले पद एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे असाच गट पाडते. ते १ − √२ − √३ ने गुणते, छेदात १ − (५ + २√६) म्हणजे −४ − २√६ येते, मग पुन्हा −४ + २√६ ने गुणावे लागते, अंशात सहा पदे होतात, त्यांतील √१२ आणि √१८ फोडावे लागतात, त्यात ४√३ एकदा अधिक व एकदा वजा येऊन कटते, शेवटी छेदात −८ उरते आणि सगळी चिन्हे उलटवून, २ ने संक्षेप करून आपण त्याच उत्तराला पोहोचतो. फोनच्या पडद्यावर हे उत्तर पाहायला चार वेळा खाली सरकावे लागते.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात करणींच्या भागाकाराची जी रीत सांगितली आहे ती अशी : भाजकातील एखाद्या करणीचे चिन्ह उलटवावे, त्या राशीने भाज्य आणि भाजक दोन्हींना गुणावे, आणि भाजकात एकच करणी उरेपर्यंत हे पुन्हा करावे. कोणत्या करणीचे चिन्ह उलटवायचे ते करणाऱ्यावर सोडलेले आहे. वरच्या उदाहरणात √३ चे चिन्ह उलटवले की एकाच फेरीत भाजकात २√२, म्हणजे √८, ही एकच करणी उरते. १ आणि २ मिळून ३ होतात हे आधी डोळ्यांनी टिपायचे असते. ॲपला अशी नजर देणे फार अवघड असेल असे वाटत नाही. तिन्ही गट आतल्या आत करून पाहून सर्वांत थोड्या ओळींचा दाखवला तरी पुरे.

१०/√७२ मध्ये ॲप करणी उशिरा सोपी करते, हे आपण पाहिले. त्याच्या नेमकी उलट चूक ते मालिकेच्या बेरजेत करते. १/(१ + √२) + १/(√२ + √३) अशी सुरुवात करून १/(√८ + √९) पर्यंतची आठ पदे मिळवायची आहेत. प्रत्येकाचे परिमेयीकरण केले की छेद १ होतो आणि √२ − १, √३ − √२, √४ − √३ अशी पदे मिळतात. लागोपाठची पदे एकमेकांना खाऊन टाकतात आणि शेवटी √९ − १ म्हणजे २ उरतो. या उदाहरणाचा सारा आनंद त्या साखळीत आहे. ॲप मात्र √४ दिसल्याबरोबर २ लिहिते आणि √८ दिसल्याबरोबर २√२ लिहिते, त्यामुळे यादीत २ − √३, √५ − २, २√२ − √७, ३ − २√२ अशी पदे येतात आणि साखळीचे दुवेच ओळखू येत नाहीत. उत्तर २ हेच येते, पण ते का आले हे पाहणाऱ्याला कळत नाही, आणि हीच बेरीज √९९ + √१०० पर्यंत नेली तर उत्तर ९ असेल हे त्यावरून कोणालाही सुचणार नाही.

छेदातली करणी मुळीच काढायची नसते, असेही प्रसंग असतात, आणि त्यांची दखल ॲप घेत नाही. √१०००००१ − १००० याची दशांशातील किंमत दहा अंक दाखवणाऱ्या गणकयंत्रावर काढली तर वर्गमूळ १०००.०००५०० असे दिसते आणि वजाबाकीनंतर हाती ०.०००५०० एवढेच राहते. पुढचे अंक वजाबाकीत गेले. तेच १/(√१०००००१ + १०००) असे लिहून काढले, म्हणजे अंशाचे परिमेयीकरण करून करणी मुद्दाम छेदात ढकलली, तर त्याच यंत्रावर ०.०००४९९९९९८७५ मिळते. जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी टाळण्याची ही युक्ती संगणकावर आकडेमोड करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातली आहे. ॲपला दुसरे रूप दिले की ते तत्परतेने ‘आणखी सोपे करता येईल’ असे सांगून पहिल्याकडे परत घेऊन जाते.

उत्तर तपासण्याच्या भागात हा हट्ट अधिक त्रासदायक होतो. ४५ अंशाच्या ज्या गुणोत्तराचे उत्तर मुलांनी १/√२ लिहिले, त्याला ॲपने ‘चूक’ ठरवले आणि √२/२ लिहिल्यावर हिरवी खूण दिली. छेदाचे परिमेयीकरण करा असा प्रश्न असता तर मी तक्रार केली नसती. पण प्रश्न किमतीचा होता. शिवाय पुढच्याच पायरीत त्या किमतीचा वर्ग करायचा होता, जो १/√२ वरून डोळ्यांसमोर १/२ दिसतो आणि √२/२ वरून २/४ करून मग मिळतो. ‘किंमत बरोबर, रूप वेगळे’ अशी तिसरी खूण ठेवायला हवी होती. बरोबर उत्तराला चूक म्हटले गेले की मूल ॲपवर रागावत नाही, स्वतःवरच अविश्वास दाखवते.

कॅमेऱ्याने वहीतले उदाहरण वाचण्याची सोय आहे, आणि छापील मजकुरावर ती चांगली चालते. हस्ताक्षराच्या बाबतीत खरी अडचण वर्गमूळ चिन्हाच्या आडव्या रेघेची आहे. एका मुलाने १/(√३ + २) लिहिताना रेघ जरा लांब ओढली, ॲपने ती ३ + २ या दोन्हींवर आहे असे मानले आणि १/√५ चे परिमेयीकरण करून √५/५ हे उत्तर सुबक अक्षरांत समोर ठेवले. खरे उत्तर २ − √३ आहे. एक ०.४४७ आणि दुसरे ०.२६८ च्या जवळपास. पण मुलाने दोन्हींची तुलना करण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून मी परिमेय पद आधी आणि करणी नंतर, म्हणजे २ + √३, असे लिहायला सांगतो, आणि ॲपने वाचलेले उदाहरण सोडवण्यापूर्वी एकदा वहीशी ताडून पाहायला लावतो. टंकून भरण्याचा पर्याय सुरक्षित आहे, मात्र त्यातील कंस बंद करायची कळ तेव्हा दुसऱ्या पानावर लपवलेली होती.

ॲप मराठीत वापरता येते, पण ती मराठी कोणत्या वर्गात शिकवली जाते कोण जाणे. पहिल्याच सूचनेत ‘छेद तर्कसंगत करा’ असे वाक्य आहे. माझ्या विद्यार्थ्याने मला प्रामाणिकपणे विचारले की यात तर्क कोठे लावायचा. इंग्रजी ‘रॅशनल’ला गणितात परिमेय म्हणतात, हे भाषांतर करणाऱ्या यंत्राच्या गावी नव्हते, हे उघड आहे. करणीला ‘सर्ड’, अनुबद्ध जोडीला एके ठिकाणी ‘संयुग्म’ तर दुसऱ्या ठिकाणी ‘जोडीदार’, आणि छेदाला मध्येच ‘भाजक’ म्हटलेले आहे. करणी हा शब्द शुल्बसूत्रांइतका, म्हणजे यज्ञवेदीच्या मोजमापांच्या प्राचीन ग्रंथांइतका, जुना. तेथे दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू म्हणजे द्विकरणी, आपल्या भाषेत √२ पट बाजू. इतका रुळलेला शब्द हाताशी असताना तो वगळण्याचे कारण नव्हते. दोन्ही मुलांनी शेवटी ॲपची भाषा इंग्रजी करून घेतली.

घनमुळे मात्र ॲप व्यवस्थित हाताळते. १/∛२ मध्ये ∛२ ने गुणून भागत नाही, ∛४ ने गुणावे लागते, तेव्हा ∛४/२ मिळते, हे त्याने दाखवले.

आता सर्वांत गंभीर दोष. तो अक्षरे असलेल्या उदाहरणांत आहे. १/(√अ + √ब) दिल्यावर ॲप √अ − √ब ने गुणून (√अ − √ब)/(अ − ब) हे उत्तर देते आणि तेथे थांबते. अ आणि ब समान नसतील तरच हे खरे आहे, ही अट ते लिहीत नाही. दोन्हींची किंमत ४ घेतली तर मूळ अपूर्णांक १/४ आहे, त्यात काहीही बिघडलेले नाही. ॲपच्या ‘सोप्या’ रूपात मात्र शून्य भागिले शून्य येते. ज्याने गुणायचे ती राशीच शून्य असेल तर गुणण्याची परवानगी नाही, ही गोष्ट संख्यांच्या उदाहरणांत कधी आड येत नाही, म्हणून ती अक्षरांच्या उदाहरणांत प्रथम शिकवायची असते. उलट प्रकारही होतो : (क्ष − ४)/(√क्ष − २) चे √क्ष + २ असे रूप ॲप देते, ते बरोबरच आहे, पण क्ष = ४ असताना मूळ राशीला अर्थ नव्हता आणि नव्या रूपाची किंमत ४ येते, याचा उल्लेख नाही. पुढे सीमा (लिमिट) शिकताना हाच फरक कळीचा ठरतो.

हे मी ॲपच्या ‘सूचना कळवा’ या जागी, अ = ब = ४ चे उदाहरण देऊन, सविस्तर लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की आपली गणना पुन्हा तपासण्यात आली असून उत्तर बरोबर आहे. त्यानंतर ॲपची एक नवी आवृत्ती आली, कंसाची कळ पहिल्या पानावर आली, रंगही थोडे बदलले. १/(√अ + √ब) चे उत्तर मात्र अजून तसेच, अटीवाचून, येते. संख्यांच्या उदाहरणांसाठी आणि विशेषतः त्या तीन पर्यायांच्या सरावासाठी मी ते फोनवर ठेवले आहे. अक्षरांची उदाहरणे आम्ही वहीतच सोडवतो.